पंधरा यार्ड रस्ता, एक दुर्बीण आणि शर्यतीचे घोडे

१९०० साली लंडनच्या अपील न्यायालयापुढे एक चमत्कारिक प्रश्न आला. सार्वजनिक रस्त्यावर उभा असलेला माणूस त्याच रस्त्यावर अतिक्रमण करणारा ठरू शकतो का? न्यायालयाने उत्तर दिले, ठरू शकतो. आजचा धागा या निकालाविषयी, आणि तो ज्यांच्यामुळे लागला त्या घोड्यांविषयी आहे.

खटल्याचे नाव 'हिकमन विरुद्ध मेझी'. हिकमन हे जमिनीचे मालक. त्यांच्या माळावर एका ट्रेनरला शर्यतीचे घोडे तयार करण्याची परवानगी होती आणि त्याच जमिनीतून एक सार्वजनिक रस्ता जात होता. मेझी हे गृहस्थ शर्यतीच्या घोड्यांची खबर छापणाऱ्या एका प्रकाशनाचे मालक. ते त्या रस्त्यावर आले आणि सुमारे पंधरा यार्डांच्या पट्ट्यात तब्बल दीड तास येरझारा घालत राहिले. हातात दुर्बीण होती. समोर घोड्यांच्या चाचणी दौडी चालल्या होत्या आणि मेझी टिपणे घेत होते. त्यांनी कुंपण ओलांडले नाही, गवताची काडी मोडली नाही, घोड्याला हात लावला नाही. तरीही जमीनमालकाने त्यांच्यावर अतिक्रमणाचा दावा ठोकला.

एवढा राग कशाचा, हे कळण्यासाठी चाचणी दौड म्हणजे काय ते आधी पाहायला हवे. शर्यतीचा घोडा वरवर पाहून ओळखता येत नाही. त्याचा वेग खरोखर किती, हे ताडण्यासाठी ट्रेनर त्याला दुसऱ्या एका पारखलेल्या घोड्याबरोबर पळवतो. दोघांच्या पाठीवर किती वजन ठेवायचे ते मालक आणि ट्रेनर ठरवतात. पुष्कळदा घोड्यावर बसलेल्या स्वारालाही खोगिराखालच्या शिशाचे वजन सांगितले जात नसे. नवा घोडा जास्त वजन घेऊनही जुन्या घोड्याच्या पुढे निघाला, तर मालकाच्या हाती एक गुपित आले. हे गुपित त्याच्याकडेच राहिले तर बाजारात त्या घोड्याचा भाव एकास वीस असतानाच त्याला शांतपणे पैसे लावता येतात. तेच दुसऱ्या दिवशी छापून आले तर भाव एकास चारवर येतो आणि मालकाच्या वर्षभराच्या मेहनतीचा लाभ अनोळखी लोक घेऊन जातात. तेव्हा माळावर जपले जात होते ते घोड्यांइतकेच त्यांच्याविषयीचे ज्ञान. त्या काळातल्या इंग्रजी शर्यतविश्वात या ज्ञानाची किंमत घोड्याहून कमी नव्हती.

ही खबर चोरणाऱ्याला इंग्रजीत 'टाउट' म्हणत. आपल्याकडे रेल्वेची तिकिटे काळ्या बाजारात विकणाऱ्यालाही हाच शब्द लावतात. पण त्याचे जुन्या इंग्रजीतले मूळ डोकावणे, चोरून पाहणे या अर्थाचे आहे. न्यूमार्केटसारख्या घोड्यांच्या गावी टाउट हा एक पेशाच होता. कोणी काटेरी झुडपांत लपून बसे, कोणी तबेल्यातल्या पोराला दोन पैसे देऊन बोलते करी. मालकांनीही उलटे डाव योजले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सॅलिसबरीच्या पठारावरील ड्रुइड्स लॉज येथे काही श्रीमंत मंडळींनी मुद्दाम आडजागी तबेला ठेवला. तिथे काम करणाऱ्या पोरांची पत्रेही उघडून वाचली जात, असे सांगतात. त्यांच्या हॅकलर्स प्राइड या घोडीने १९०३ आणि १९०४ अशी लागोपाठ दोन वर्षे केंब्रिजशायर ही मोठी शर्यत जिंकली. गुप्तता पाळण्याचे फळ काय असते ते यावरून दिसते.

मालकांची भीती निव्वळ पैशाची होती असेही नाही. १८११ मध्ये न्यूमार्केटला घोड्यांच्या पाण्याच्या हौदांत कोणीतरी सोमल मिसळला आणि घोडे तडफडून मेले. तपासात डॅनियल डॉसन हे नाव पुढे आले. तो टाउटच होता आणि ठरावीक घोडे हरावेत अशी इच्छा असलेल्या सट्टेबाजांसाठी काम करीत होता. त्याआधीही विषप्रयोगाचे असे प्रकार घडले होते. १८१२ साली केंब्रिज येथे डॉसनला जाहीर फाशी देण्यात आली आणि ती पाहायला प्रचंड गर्दी लोटली. म्हणजे तबेल्याभोवती घुटमळणाऱ्या अनोळखी माणसाकडे संशयाने पाहायला घोडेमालकांना सबळ कारण होते. अडचण अशी की विष घेऊन येणारा आणि दुर्बीण घेऊन येणारा, दोघांनाही ते एकाच मापाने मोजू लागले.

आता त्या काळचा जमीनमालक अशा माणसाचे करू काय शकत होता? इंग्लंडच्या ग्रामीण भागात ठिकठिकाणी पाट्या दिसत, 'अतिक्रमण करणाऱ्यावर खटला भरला जाईल.' वकील मंडळी या पाटीला थट्टेने 'लाकडी थाप' म्हणत. कारण दुसऱ्याच्या जमिनीत नुसते शिरणे हा तिकडच्या कायद्यात गुन्हाच नव्हता, तो दिवाणी स्वरूपाचा दोष होता. पोलीस पकडणार नाहीत, तुरुंग होणार नाही. मालकाने आधी 'निघा' म्हणायचे. ऐकले नाही तर प्रसंगाला पुरेल एवढेच बळ वापरून बाहेर काढायचे. त्यापलीकडे नुकसानभरपाईचा दावा लावायचा किंवा न्यायालयाकडून मनाईहुकूम आणायचा, एवढेच त्याच्या हाती होते. नुकसान काहीच झाले नसेल तर भरपाईही नाममात्रच मिळे.

एवढ्यावर ज्यांचे समाधान होत नसे ते जमीनदार आपल्या रानांत 'स्प्रिंग गन' पुरून ठेवत. झुडपांतून तार ताणलेली असे आणि तिला पाय लागला की बंदूक आपोआप उडे. चोरट्या शिकाऱ्यांबरोबर फुले वेचणारी मुले आणि स्वतः मालकाचे नोकरही तिला बळी पडत. १८२० च्या 'इलॉट विरुद्ध विल्क्स' खटल्यात तर न्यायालयाने असे म्हटले की बंदुका पेरल्याचे ठाऊक असूनही जो रानात शिरला त्याला जखमेची भरपाई मागता येणार नाही. पुढे १८२७ मध्ये पार्लमेंटने कायदा करून हे यंत्र बंद केले. (जिथे लाखमोलाचे घोडे दौडतात त्या माळावर गवतात बंदूक लपवणे तसेही शहाणपणाचे नव्हते.)

त्याच १८२७ साली घोडेमालकांना निराळे शस्त्र मिळाले. न्यूमार्केटचे विस्तीर्ण हीथ, म्हणजे तिथले सरावाचे माळरान, जॉकी क्लबच्या ताब्यात होते. क्लबने हॉकिन्स नावाच्या माणसाला तिथे पाऊल ठेवण्यास मनाई केली. त्याने ती जुमानली नाही. तेव्हा पोर्टलंडच्या ड्यूकच्या नावे अतिक्रमणाचा दावा लावण्यात आला आणि क्लबची बाजू जिंकली. एका खाजगी मंडळाला केवळ जमिनीवरील हक्काच्या जोरावर कोणालाही आपल्या जगातून हद्दपार करता येते, हे या निकालाने सिद्ध झाले. शर्यतीच्या भाषेत याला 'वॉर्न्ड ऑफ' म्हणतात आणि आपल्याकडील टर्फ क्लबांच्या नियमांतही हा शब्द आजतागायत टिकून आहे. घोड्याला उत्तेजक औषध दिल्याबद्दल ट्रेनरला 'वॉर्न्ड ऑफ' केल्याची बातमी कधी वाचलीत तर लक्षात असू द्या, तिचे मूळ जमिनीच्या एका दाव्यात आहे.

वाचकहो, इथे थोडे आडवाटेने जाऊ, कारण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. टाउटच्या पावलांवर चिडणारा हा वर्ग स्वतः घोड्यावर बसला की दुसऱ्याच्या जमिनीविषयी त्याचे मत बदलत असे. कोल्ह्याच्या शिकारीत तीस-चाळीस घोडे आणि कुत्र्यांचा कळप शेतकऱ्याची कुंपणे ओलांडून, उभे पीक तुडवत जाई. १७८६ च्या 'गंड्री विरुद्ध फेल्टहॅम' खटल्यात न्यायालयाने याला मान्यताही दिली होती. कोल्हा हा उपद्रवी प्राणी, त्याला मारणे लोकहिताचे, म्हणून त्याच्या पाठोपाठ परक्या जमिनीत शिरणे क्षम्य, असा तो युक्तिवाद. १८०९ मध्ये मुख्य न्यायाधीश एलनबरो यांच्यापुढे असाच वाद आला, तेव्हा त्यांनी सरळ विचारले की ही मंडळी लोकहितासाठी धावतात की मौजेसाठी? मौजेसाठी असेल तर ते अतिक्रमणच. हा दावा एसेक्सच्या अर्लने लावला होता आणि प्रतिवादी होता त्याचाच सावत्र भाऊ, कॅपल नावाचा धर्मगुरू. इतकी वर्षे पीक तुडवून घेणाऱ्या साध्या कुळाला जो प्रश्न न्यायालयापुढे नेता आला नाही, तो अखेर एका अर्लच्या भाऊबंदकीने सुटला.

आता पुन्हा मेझींच्या रस्त्याकडे वळू.

खाजगी जमिनीत शिरलेल्या टाउटला हुसकावणे तुलनेने सोपे होते. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असलेल्याचे काय? त्यात आणखी एक पेच होता. लॉर्ड कॅमडेन यांनी १७६५ च्या सुप्रसिद्ध 'एंटिक विरुद्ध कॅरिंग्टन' निकालात सांगून ठेवले होते की इंग्लंडच्या कायद्यानुसार डोळा अतिक्रमण करू शकत नाही. तुमच्या जमिनीकडे पाहिले म्हणून कोणावर अतिक्रमणाचा दावा होत नाही. हिकमन यांची खरी तक्रार मात्र डोळ्याबद्दलच होती. पायांबद्दल त्यांना काही म्हणायचे नव्हते.

वकिलांनी वाट काढली ती जमिनीच्या पोटातून. इंग्लिश कायद्याच्या जुन्या गृहीतकानुसार रस्ता सार्वजनिक असला तरी त्याखालची माती लगतच्या मालकाचीच असते. जनतेला मिळतो तो फक्त त्यावरून जाण्यायेण्याचा हक्क. १७९५ च्या 'डोव्हॅस्टन विरुद्ध पेन' या गुरांच्या खटल्यात हे स्पष्ट झाले होते. गुरे रस्त्यावर 'होती' एवढे सांगून भागत नाही, ती रस्त्याने 'जात होती' असे सांगावे लागते. म्हणून जाण्यायेण्यापलीकडे रस्त्याचा वापर केला की तुम्ही मालकाच्या मातीवर विनापरवाना उभे आहात, असा अर्थ निघू शकत होता.

हिकमन खटल्याच्या काही वर्षे आधी हे तत्त्व एका मजेशीर प्रसंगी वापरले गेले होते. रटलंडच्या ड्यूकच्या माळावर पक्ष्यांची शिकार चालली असता हॅरिसन नावाचा माणूस माळातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर उभा राहिला आणि पक्षी बुजावेत म्हणून रुमाल हलवू लागला, छत्री उघडमीट करू लागला. ड्यूकच्या रखवालदारांनी त्याला जमिनीवर दाबून धरले. त्याने मारहाणीचा दावा केला. अपील न्यायालयाने म्हटले की तो रस्ता वापरायला आलाच नव्हता, ड्यूकच्या हक्कात विघ्न आणायला आला होता, सबब तोच अतिक्रमण करणारा. १८९३ च्या निकालसंग्रहात हा खटला सापडतो. छत्रीने एवढा मोठा कायदा क्वचितच घडवला असेल.

मेझींची छत्री म्हणजे त्यांची दुर्बीण. ए. एल. स्मिथ, कॉलिन्स आणि रोमर या तीन न्यायमूर्तींनी एकमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. चालता चालता थकून क्षणभर बसणे चालेल. रस्त्यावर थांबून समोरच्या देखाव्याचे रेखाचित्र काढले तरी कोणी समंजस माणूस त्याला अतिक्रमण म्हणणार नाही, असे स्मिथ यांनी आवर्जून सांगितले. पण पंधरा यार्डांत दीड तास फेऱ्या घालत दुसऱ्याच्या घोड्यांवर पाळत ठेवणे आणि त्यातून स्वतःचा धंदा चालवणे हा रस्त्याचा वाजवी उपयोग नव्हे. अशाने सरावाची जागा म्हणून त्या जमिनीची किंमत घटते, हाही विचार त्यामागे होता.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा निकाल तर्काच्या दृष्टीने चलाख आहे, पण तितकासा प्रामाणिक नाही. न्यायालयाने संरक्षण दिले ते गुपिताला आणि भाषा वापरली मातीची. समजा मेझी शेजारच्या मालकाच्या परवानगीने त्याच्या टेकडीवर चढून बसले असते, तर त्यांनी तेच घोडे पाहिले असते, तीच खबर छापली असती आणि हिकमन यांचे तितकेच नुकसान झाले असते. तरीही अतिक्रमणाचा दावा उभाच राहिला नसता. मेझी काही लोकहिताचे कैवारी नव्हते, हेही खरे. दुसऱ्याच्या मेहनतीवर चालणारा धंदा होता तो. पण एका धंदेवाईकाला हटवण्यासाठी जो नियम घट्ट केला गेला तो रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला लागू झाला. रस्त्यावर निव्वळ उभे राहण्याचा हक्क कोणालाच नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

वर लिहिलेली शेजारच्या टेकडीची शक्यता पुढे खरोखर घडली, इंग्लंडात नव्हे तर ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या व्हिक्टोरिया पार्क रेसकोर्ससमोर टेलर नावाच्या गृहस्थाचे घर होते. त्याने आपल्या अंगणात लाकडी मचाण उभारू दिले. त्यावर रेडिओचा समालोचक चढे आणि कुंपणापलीकडच्या शर्यतीचे वर्णन साऱ्या शहराला ऐकवी. घरबसल्या शर्यत कळू लागल्यावर तिकीट काढून आत कोण येणार? रेसकोर्सवाल्यांनी दावा लावला. १९३७ मध्ये तिथल्या उच्चतम न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला. स्वतःच्या अंगणातून शेजाऱ्याकडे पाहायला आणि पाहिलेले सांगायला बंदी नाही. नको असेल तर शेजाऱ्याने कुंपण उंच करावे. लॉर्ड कॅमडेन यांचा निर्दोष डोळा तिथे जिंकला. पण फरक लक्षात घ्या, मचाण टेलरच्या मालकीच्या जमिनीवर होते. ज्याला स्वतःची जमीन आहे त्याला पाहण्याचे स्वातंत्र्य आणि जो केवळ रस्त्यावर उभा आहे त्याला नाही, असे चित्र या दोन निकालांतून तयार झाले.

ते पुसले जायला जवळजवळ शतक जावे लागले, आणि त्यासाठी लागणारे साधन हिकमन निकालातच पडून होते. न्यायमूर्ती कॉलिन्स यांनी त्यात एक पुस्ती जोडली होती. लोकसंख्या वाढते, समाज सुधारतो, तसतसे रस्त्याच्या वाजवी उपयोगाच्या कल्पनाही विस्तारू शकतात, अशा आशयाची. १ जून १९९५ रोजी स्टोनहेंजच्या कुंपणालगत, रस्त्याकडेच्या गवताळ पट्ट्यावर वीस-एकवीस माणसे शांतपणे जमली. त्या परिसरात विनापरवाना जमावाला बंदी होती. दोघांवर खटला भरला गेला. त्यातली एक व्यक्ती जोन्स. ही माणसे रस्त्यावर अतिक्रमण करीत होती का, हाच प्रश्न पुन्हा पुढे आला. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९९ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की रहदारीला अडथळा न करता शांततेने जमणे हा रस्त्याचा वाजवी उपयोग असू शकतो. या चर्चेत कॉलिन्स यांची ती जुनी पुस्ती पुन्हा वर आली. घोड्यांच्या गुपितासाठी दिलेला निकाल अशा रीतीने सभेच्या हक्काच्या वादात उभा राहिला.

आपल्या देशात हा प्रश्न त्याआधीच सुटला होता, तोही आपल्या ओळखीच्या कायद्याखाली. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ या कायद्याच्या आधारे अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी रस्त्यावरील सभांसाठी पूर्वपरवानगीचा नियम केला होता. हिंमतलाल शहा यांना परवानगी नाकारली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ च्या निकालात सरन्यायाधीश सिक्री यांनी नोंदवले की भारतात राज्यघटनेच्या आधीपासूनच अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाधीन राहून सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचा हक्क नागरिकांना होता. अधिकारी वेळ, जागा ठरवू शकतात. मात्र परवानगी कोणत्या निकषांवर द्यायची हे न सांगता सगळा अधिकार एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम न्यायालयाने रद्द केला. पालखी, ताबूत आणि मिरवणुका पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरूनच नेणाऱ्या देशात, रस्ता फक्त जाण्यायेण्यासाठी आहे हे इंग्लिश गृहीतक तसेही फारसे रुजले नसतेच.

आणि टाउट? न्यूमार्केटचे हीथ आज दुपारी एकनंतर फिरायला येणाऱ्यांसाठी खुले असते, सकाळ मात्र घोड्यांची. सराव पाहून खबर देणे हा आता उजळ माथ्याने चालणारा व्यवसाय आहे. आपल्याकडे महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर पहाटे घोडे पळतात तेव्हा वृत्तपत्रांचे प्रतिनिधी घड्याळ घेऊन कडेला उभे असतात. कोणता घोडा सहाशे मीटर किती सेकंदांत धावला, त्याला दामटावे लागले की तो सहज गेला, हे सारे दुसऱ्या दिवशी इंग्रजी दैनिकांच्या क्रीडापानावर बारीक टाइपात छापून येते.